व्हीएमला टॅग लावा, सीपीयूची प्रायॉरिटी आपोआप लागेल: प्रॉक्समॉक्सवरची माझी पद्धत

रात्री साडेअकराला डेटाबेसच्या व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका खऱ्या मशीनवर चालणारा आभासी संगणक) एक साधी क्वेरी अडकून बसली होती. व्हीएमच्या आत टॉप (सीपीयू कुठे खर्च होतोय ते दाखवणारी कमांड) उघडलं, तर सीपीयूच्या ओळीत शेवटी ‘एसटी’पुढे ४१ दिसत होते. एसटी म्हणजे स्टील टाईम. व्हीएमला सीपीयू हवा होता, पण तेवढा वेळ होस्टने, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या खऱ्या मशीनने, तो दुसऱ्याच कुणाला देऊन टाकला होता. त्याच नोडवर, म्हणजे क्लस्टरमधल्या त्याच होस्टवर, २१४ क्रमांकाचं टेस्टिंगचं एक मशीन होतं आणि त्यावर बिल्ड चालू होता. त्याचं कॉन्फिग उघडलं तर एक ओळ सापडली: सीपीयूयुनिट्स, २०४८. गर्दीत व्हीएमला सीपीयूचा किती वाटा मिळेल ते हा आकडा ठरवतो.

ही ओळ कोणी घातली, कधी आणि कशासाठी, हे टीममधल्या कुणालाच सांगता येईना. ज्याने घातली त्याचं तेव्हा चुकलंही नव्हतं. आमच्या व्हीएम प्रॉक्समॉक्स या प्रणालीवर चालतात, आणि सीपीयूची वाटणी लिनक्स कर्नलची सीग्रुप नावाची यंत्रणा करते. जुन्या प्रॉक्समॉक्समध्ये, म्हणजे सीग्रुपच्या पहिल्या आवृत्तीवर, डीफॉल्ट आकडा १०२४ होता. २०४८ म्हणजे शेजाऱ्यांच्या दुप्पट, बस्स. नंतर २०२१ मध्ये प्रॉक्समॉक्स ७ आलं, त्यात सीग्रुपची दुसरी आवृत्ती डीफॉल्ट झाली आणि तिथे व्हीएमचा डीफॉल्ट आकडा १०० आहे. आम्ही अपग्रेड केलं, कॉन्फिगमधला २०४८ जिथल्या तिथे राहिला, आणि दुप्पट होतं ते वीसपट झालं. डेटाबेसच्या कॉन्फिगमध्ये काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणजे त्याचे १००.

ती ओळ काढल्यावर एसटी लगेच खाली आला. पण मला खरी टोचणी लागली ती वेगळ्या गोष्टीची. नुसता आकडा कारण सांगत नाही. २०४८ बघून ‘हे मशीन महत्त्वाचं आहे’ असंही वाटू शकतं आणि ‘कुणीतरी विसरलं’ असंही. तेव्हापासून आमच्याकडे आकडा माणसाने लिहायचा नाही असं ठरलं. माणूस व्हीएमला टॅग लावतो, टॅगवरून मशीनची लायकी कळते, आणि टॅगचा आकडा स्क्रिप्ट करते. ते कसं उभं करायचं तेच इथे सांगते. कमांड, टॅग आणि फाईलची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाईप करताना ती अर्थातच रोमन लिपीत करायची.

आधी आकड्याचा अर्थ

सीपीयूयुनिट्समधून व्हीएमला वाटा मिळतो, आणि तो वाटा ओढाताण सुरू झाली तरच मोजला जातो. नोडवर कोअर मोकळे असतील तर २५ आकड्याची व्हीएमसुद्धा तिला हवा तेवढा सीपीयू वापरते, तिला कोणी अडवत नाही. म्हणूनच ही सोय मला आवडते. कुणालाही कायमचं बांधून न ठेवता गर्दीच्या वेळी रांग लावता येते. कुणाला सक्तीने एका मर्यादेतच ठेवायचं असेल तर त्यासाठी सीपीयूलिमिट हा वेगळा पर्याय आहे. तो मोकळ्या वेळीही आड येतो, म्हणून मी तो फार जपून वापरते.

एक हिशेब करून बघा. १६ कोअरचा नोड आहे, त्यावर डेटाबेस आणि आणखी १२ व्हीएम, सगळ्या एकदम भरून चालल्या आहेत. सगळ्यांना १०० असतील तर प्रत्येकीला साधारण १.२३ कोअर मिळतात. डेटाबेसला ४०० केलं की एकूण बेरीज १६०० होते, त्यात त्याचा हिस्सा एक चतुर्थांश, म्हणजे ४ कोअर. उरलेल्या बारा जणींना एकेक. त्या थांबत नाहीत, थोड्या मंदावतात.

यात व्हीएमवेअर या दुसऱ्या प्रणालीकडून येणारे हमखास फसतात. तिथे शेअर्स प्रत्येक व्हर्च्युअल सीपीयूमागे मोजले जातात: लो म्हणजे ५००, नॉर्मल १०००, हाय २०००. त्यामुळे मोठी व्हीएम आपोआप मोठा वाटा घेऊन येते. प्रॉक्समॉक्समध्ये आकडा अख्ख्या व्हीएमचा असतो. आठ व्हर्च्युअल सीपीयूंची व्हीएम आणि दोनची व्हीएम, दोघींना १०० असले तर पूर्ण गर्दीत दोघींचा हक्क सारखाच. मोठ्या मशीनला आतून गुदमरल्यासारखं होतं आणि बाहेरून कारण कळत नाही. स्क्रिप्टमध्ये आकड्याला कोअरच्या संख्येने गुणता येईल, पण मी मुद्दाम ते टाळलं. कॉन्फिग उघडल्यावर ४०० दिसले की तो क्रिटिकल टॅग आहे हे मला डोळ्यांनी ओळखता आलं पाहिजे. गुणाकार आला की ते गेलं.

टॅग किती आणि कोणते

तीन. मी सुरुवातीला सहा केले होते आणि दोन आठवड्यांत ‘हाय’ आणि ‘हाय-प्लस’ यांत फरक काय यावर वाद सुरू झाले. आता सीपीयू-क्रिटिकल, सीपीयू-हाय आणि सीपीयू-लो एवढेच आहेत. ज्या व्हीएमवर यातला एकही टॅग नाही ती साधी. प्रत्येक नावाच्या सुरुवातीला ‘सीपीयू’ आणि डॅश ठेवा, कारण टॅग आणखी शंभर कामांसाठी वापरले जातात: कोणत्या टीमचं मशीन, बॅकअप कोणता, कुठली ऑपरेटिंग सिस्टिम. आपले टॅग त्यातून वेगळे काढता आले पाहिजेत.

टॅगच्या नावात रोमन अक्षरं, आकडे, अंडरस्कोअर, डॅश, अधिक आणि टिंब एवढंच चालतं. देवनागरी चालत नाही, कोलन आणि बरोबरचं चिन्हही चालत नाही. त्यामुळे ‘प्रायॉरिटी बरोबर हाय’ अशी जोडी टॅगमध्ये लिहिता येत नाही, डॅशवरच भागवावं लागतं. व्हीएमवेअरच्या व्हीस्फियरमध्ये टॅगचे गट करता येतात आणि एका गटातला एकच टॅग लागेल असं बंधन घालता येतं. प्रॉक्समॉक्समध्ये सगळे टॅग एका सपाट यादीत असतात. एकाच व्हीएमवर क्रिटिकल आणि लो दोन्ही लावले तरी ते मुकाट्याने लावून घेतं. ही जबाबदारी स्क्रिप्टवर येते.

आता परवानगीचा भाग. कृपा करून हा वगळू नका. व्हीएमचे टॅग बदलायला त्या व्हीएमवर ऑप्शन्स बदलण्याचा हक्क पुरतो. सीपीयूयुनिट्स बदलायला मात्र सीपीयू कॉन्फिग करण्याचा वेगळा हक्क लागतो. टॅगवरून आकडा आपोआप लागायला लागला की पहिला हक्क असलेला माणूस दुसऱ्या हक्काचं काम करू शकतो, तेही रूटच्या, म्हणजे सगळे हक्क असलेल्या खात्याच्या, स्क्रिप्टकडून. हे दार बंद करायचं. डेटासेंटर, मग ऑप्शन्स, मग रजिस्टर्ड टॅग्ज, इथे हे तिन्ही टॅग नोंदवा. नोंदवलेला टॅग लावायला किंवा काढायला मुळावर, म्हणजे ‘/’ या पत्त्यावर, ‘सिस.मॉडिफाय’चा हक्क लागतो, म्हणजे व्यवहारात फक्त ॲडमिनच तो हलवू शकतो. तिथेच टॅगना रंगही देता येतात. क्रिटिकलला लाल द्या, डावीकडच्या यादीत नजर टाकली की नोडवर किती लाल ठिपके गोळा झालेत ते दिसतं. टॅग वेब इंटरफेसमध्ये दिसायची आणि लावायची ही सोय ७.३ पासून आहे.

स्क्रिप्ट

टॅग आणि आकडा यांची जोडी मी स्क्रिप्टच्या आत लिहीत नाही, वेगळ्या फाईलमध्ये ठेवते:

सीपीयू-क्रिटिकल ४००
सीपीयू-हाय २००
सीपीयू-लो २५

ही फाईल /ईटीसी/पीव्हीई मध्ये ठेवा. ती क्लस्टरची सामाईक फाईलसिस्टिम आहे, एका नोडवर बदललं की सगळीकडे पोहोचतं. स्क्रिप्ट मात्र तिथे ठेवून थेट चालवता येत नाही, कारण त्या फाईलसिस्टिमवर फाईलला एक्झिक्यूटची परवानगी देता येत नाही. ती प्रत्येक नोडच्या /युएसआर/लोकल/एसबिन मध्ये ठेवावी लागते.

स्क्रिप्टचं काम असं चालतं. ‘क्यूएम लिस्ट’ ही कमांड फक्त त्या नोडवरच्या व्हीएम देते. पहिली शीर्षकाची ओळ सोडून पहिला रकाना घेतला की क्रमांक मिळाले. इथेच एक मोठं काम फुकटात होतं. व्हीएम दुसऱ्या नोडवर मायग्रेट झाली की ती या यादीतून जाते आणि तिकडच्या यादीत दिसायला लागते, आपल्याला माग ठेवावा लागत नाही. मग प्रत्येक क्रमांकासाठी ‘क्यूएम कॉन्फिग’ चालवायचं, ‘टॅग्ज’ने सुरू होणारी ओळ घ्यायची, अर्धविरामावर तोडून एकेका ओळीवर एकेक टॅग आणायचा.

कॉन्फिगची फाईल थेट ग्रेपने (मजकूर शोधणारी कमांड) वाचू नका. मी तेच केलं होतं. त्या फाईलमध्ये चालू कॉन्फिगच्या खाली प्रत्येक स्नॅपशॉटचं (व्हीएमची एखाद्या क्षणी जपून ठेवलेली स्थिती) जुनं कॉन्फिगही चौकटी कंसातल्या नावाखाली साठवलेलं असतं. सीपीयूयुनिट्स शोधलं की एका व्हीएमसाठी तीन-तीन ओळी यायच्या, माझी स्क्रिप्ट शेवटची उचलायची, म्हणजे कधीतरी घेतलेल्या स्नॅपशॉटमधली. ती आकडा दर पाच मिनिटांनी ‘दुरुस्त’ करत राहिली आणि लॉग भरत राहिला, मशीनमध्ये काहीच बदलत नव्हतं. ‘क्यूएम कॉन्फिग’ फक्त आत्ताचं कॉन्फिग देतं.

दुसरी जपायची जागा म्हणजे टॅगची तुलना. ती पूर्ण ओळीची करा. ग्रेपला छोटा एक्स दिला की ते होतं. अर्धवट तुलना केली तर सीपीयू-हाय शोधताना सीपीयू-हाय-जुना नावाचा टॅगही सापडतो.

मग निर्णय. आपल्या तीनपैकी एकही टॅग नसेल तर आकडा १००. एक असेल तर फाईलमधला. एकापेक्षा जास्त असतील तर काहीही बदलायचं नाही, फक्त लॉगमध्ये व्हीएमचा क्रमांक आणि दोन्ही टॅग लिहायचे. मोठा आकडा निवडावा असं काही जण म्हणतात, मला ते पटत नाही. दोन टॅग म्हणजे दोन माणसांचं एकमत झालेलं नाही, आणि ते स्क्रिप्टने मिटवायचं काम नाही. टॅग नसलेल्यांना मात्र १०० लिहायचं विसरू नका. नाहीतर टॅग लावला की आकडा चढेल आणि टॅग काढला तरी तो तिथेच बसून राहील, आणि आपण पुन्हा २०४८ च्या गोष्टीपाशी येऊ.

आता चालू आकडा बघा. कॉन्फिगमध्ये सीपीयूयुनिट्सची ओळच नसेल तर तो १०० धरा. हवा तोच असेल तर पुढच्या व्हीएमकडे जा, उगाच लिहू नका; ती फाईलसिस्टिम सामाईक असल्यामुळे प्रत्येक लिखाण सगळ्या नोडवर जातं. वेगळा असेल तरच:

क्यूएम सेट २१४ --सीपीयूयुनिट्स २५

चालू व्हीएमवर हा बदल त्याच क्षणी लागू होतो, रीस्टार्ट लागत नाही.

ही कमांड कधीकधी फसणार हे गृहीत धरा. व्हीएमचा बॅकअप चालू असेल तर ती लॉक असते आणि सेट नाकारलं जातं. स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘चूक आली की थांब’ असं लिहायची सवय अनेकांना असते, मलाही आहे, पण इथे ती सोडा. यादीतली तिसरी व्हीएम लॉक असली म्हणून चौथीपासून सगळ्या वंचित राहता कामा नयेत. लॉगमध्ये ओळ टाकायची आणि पुढे जायचं. लॉक सुटल्यावरच्या फेरीत तिचं काम होऊन जातं.

फेऱ्यांसाठी मी सिस्टिमडीचा (लिनक्समधल्या सेवा सांभाळणारी व्यवस्था) टायमर वापरते. एक सर्व्हिस फाईल, प्रकार वनशॉट, त्यात स्क्रिप्टचा पत्ता. एक टायमर फाईल, त्यात ऑनकॅलेंडरपुढे दर पाच मिनिटांचा आराखडा. क्रॉननेही चालेल, पण टायमरमध्ये आधीची फेरी संपायच्या आत दुसरी सुरू होत नाही आणि लॉग जर्नलमध्ये एका जागी मिळतो. हूकस्क्रिप्टने हे करावं का, असं मला विचारलं जातं. हूकस्क्रिप्ट प्रत्येक व्हीएमला वेगळी जोडावी लागते आणि ती व्हीएम सुरू किंवा बंद होताना चालते. चालू मशीनचा टॅग बदलला तर तिला पत्ताच लागत नाही. शिवाय स्नॅपशॉटवर रोलबॅक केलं की जुना सीपीयूयुनिट्स परत येतो. टायमर असला की पाच मिनिटांत तो जागेवर येतो.

खरंच लागू झालं का

वेब इंटरफेसमध्ये आकडा दिसतो तो कॉन्फिगमधला. कर्नलकडे काय पोहोचलं ते बघायचं असेल तर ही फाईल वाचा:

/सिस/एफएस/सीग्रुप/क्यूईएमयू.स्लाईस/२१४.स्कोप/सीपीयू.वेट

दुसऱ्या आवृत्तीच्या सीग्रुपमध्ये इथे १ ते १०,००० मधला आकडा असतो. प्रॉक्समॉक्स त्याहून मोठा आकडा १०,००० वर आणून ठेवतं.

पण मला आकड्यावर विश्वास बसतो तो वाटणी डोळ्यांनी बघितल्यावर. त्यासाठी अख्खा नोड भरायची गरज नाही. दोन चाचणीच्या व्हीएम घ्या, प्रत्येकीला दोन व्हर्च्युअल सीपीयू. दोघींच्या अफिनिटीमध्ये ०,१ लिहा, म्हणजे दोघी होस्टच्या त्याच दोन कोअरवर बांधल्या जातील. अफिनिटी मशीन सुरू होतानाच लागते, म्हणून बंद करून चालू करा. एकीला क्रिटिकल टॅग लावा, दुसरीला काहीच नको, आणि दोघींमध्ये स्ट्रेस-एनजी (मुद्दाम भार टाकणारा प्रोग्राम) दोन सीपीयूंवर सोडा. आता होस्टवर टॉप उघडा. केव्हीएम नावाच्या दोन ओळी दिसतील, एकीपुढे जवळपास १६० आणि दुसरीपुढे जवळपास ४०. बेरीज दोन कोअरची २००, प्रमाण चारास एक. आता पहिलीतला स्ट्रेस थांबवा. दुसरीची ओळ दोन-तीन सेकंदांत ४० वरून २०० कडे चढते. नवीन माणूस टीममध्ये आला की मी त्याला हेच दाखवते. वाट्याचा अर्थ त्या चढणाऱ्या आकड्यात जेवढा पटकन कळतो तेवढा माझ्या बोलण्यातून कळत नाही.

चाचणी झाली की अफिनिटी काढायला विसरू नका.

हे कुठे पोहोचत नाही

व्हीएमचे आकडे क्यूईएमयू.स्लाईस या शाखेच्या आतच तोलले जातात. कंटेनर (होस्टचाच कर्नल वापरणारी हलकी मशीन) एलएक्ससी नावाच्या वेगळ्या शाखेत राहतात आणि होस्टच्या स्वतःच्या सेवा सिस्टिम.स्लाईसमध्ये. या शाखांची एकमेकींशी वाटणी वरच्या पातळीवर होते, आतल्या व्हीएमचा ४०० तिथे कामी येत नाही. म्हणजे एखादा कंटेनर धुमाकूळ घालत असेल तर व्हीएमला क्रिटिकल टॅग लावून त्याला आवरता येणार नाही. टॅग कंटेनरलाही लागतात आणि ‘क्यूएम’च्या जागी ‘पीसीटी’ घातलं की तीच स्क्रिप्ट त्यांच्यासाठी चालते, पण ती वाटणी कंटेनर-कंटेनरमधली असते. आम्ही जड कामं एकतर सगळी व्हीएममध्ये किंवा सगळी कंटेनरमध्ये ठेवतो, एका नोडवर मिसळत नाही.

बॅकअपचंही तसंच. बॅकअप दाबून लहान करणारी झेडस्टँडर्डची प्रोसेस व्हीएमच्या शाखेबाहेर चालते. ती मुळात एकाच थ्रेडवर चालते, पण व्हीझेडडम्प या बॅकअपच्या कमांडच्या कॉन्फिगमध्ये तिला ० दिला असेल तर ती नोडचे निम्मे कोअर घेते. रात्री ठरावीक वेळी क्रिटिकल मशीनही अडखळत असेल तर आधी तो शून्य शोधा.

क्लोनकडे लक्ष ठेवा. चालू मशीनचं क्लोन केलं की टॅगही सोबत येतात. डेटाबेसची प्रत कुणी तपासणीसाठी काढली तर तीही लाल ठिपका घेऊन उभी राहते आणि खऱ्या डेटाबेसच्या बरोबरीने हक्क मागते.

पहिल्यांदा चालवताना

थेट चालवू नका. स्क्रिप्टमध्ये एक कोरडी फेरी ठेवा: ‘क्यूएम सेट’ करायच्या जागी क्रमांक, जुना आकडा, नवा आकडा आणि टॅग एवढंच छापायचं. टॅग नसलेल्या प्रत्येक व्हीएमला ही स्क्रिप्ट १०० करणार आहे, त्यामुळे कुणी विचार करून हाताने लिहिलेला आकडाही पुसला जाईल. आमच्या यादीत नऊ ओळी आल्या. सहा जुन्या १०२४ होत्या, अपग्रेडच्या आधीच्या, तेव्हा डीफॉल्ट म्हणून कुणीतरी लिहून ठेवलेल्या आणि नंतर नकळत शेजाऱ्यांच्या दहापट झालेल्या. दोन मशीनचे आकडे मात्र कामाचे निघाले. एक आवाजाच्या कॉलचं होतं, एक लायसन्स सर्व्हरचं. ज्यांची ती मशीन होती त्यांच्याशी बोलून दोन्हींना हायचा टॅग लावला, मग पुन्हा कोरडी फेरी घेतली, आणि यादी वाचून सगळ्यांचं समाधान झाल्यावर टायमर चालू केला.

नववी ओळ २१४ ची होती. त्या रात्री मी ओळ काढली होती, पण नंतर कुणीतरी त्या मशीनला जुन्या स्नॅपशॉटवर नेलं होतं आणि २०४८ परत आला होता. टायमरच्या पहिल्या फेरीनंतर जर्नलमध्ये तिच्यापुढे असं दिसलं: २१४, २०४८ वरून २५, सीपीयू-लो.